झाकण वाजलं की ती वळायची

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे, कानामागे बसणारा. घरात मला कुणी प्रोसेसर म्हणायचं नाही, सगळे 'मशीन'च म्हणायचे, म्हणून मीही त्याच नावाला ओ द्यायला शिकलो. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की गोड बोलतात, मधूनमधून उसासे टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो गिळून टाकायचा माझा विचार नाही.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर राग कशाचा ते कळणार नाही. मी एकटा अर्धाच आहे. माझा जोडीदार ऐकणाऱ्याच्या डोक्यात, कातडीखाली बसवलेला असतो आणि त्याची केसाएवढी तार आतल्या कानाच्या शंखात गेलेली असते. मी बाहेरचे आवाज पकडायचे, त्यांचे विजेचे बारीक ठोके करायचे आणि केसांवर चुंबकानं चिकटलेल्या एका चकतीतून आत पाठवायचे. तो ते थेट कानाच्या नसेला देतो. त्याला स्वतःची बॅटरी नाही, माइक नाही. मी कानावर नसलो की तो बिचारा आत ढिम्म बसून राहतो.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ खोलीत झाला. तिथल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायच्या. डोळे सूक्ष्मदर्शकाला लावून त्या चिमट्यानं एकेक भाग बसवायच्या. जिनं माझे तिळाएवढे माइक बसवले ती सारखी कसलंतरी गाणं गुणगुणायची, तेही बेसूर. माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज तोच. मग माझ्या परीक्षा झाल्या. मला घामासारख्या पाण्यात भिजवलं, धुळीत लोळवलं, चांगलं कमरेएवढ्या उंचीवरून आपटलं. एवढं सगळं सोसून मी पास झालो, तेव्हा कुठे मला डबीत बसवून बाहेर धाडलं.

ज्या मुलीसाठी मी आलो तिला घरी सगळे भिंगरी म्हणायचे. कुठेही खुट्ट झालं की ती गर्रकन वळायची, म्हणून भिंगरी. आणि या वळण्यानंच पोरीचा घात केला.

ही माझ्या येण्याआधीची हकीकत. मी ती घरातल्या बोलण्यातून ऐकली, कारण ऐकणं हाच माझा धंदा. भिंगरी जन्मली तेव्हा दवाखान्यात तिच्या कानात एक मऊ बोंड घालून तपासणी झाली. ही तपासणी आतल्या कानातून परत येणारा बारीकसा प्रतिध्वनी मोजते. तो छान आला. "कान उत्तम आहेत," असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं. ते खोटं नव्हतं. कान उत्तमच होते. बिघाड त्याच्या पुढे होता, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत. तिथून आवाज एका तालात पुढे जातच नव्हता. समजा, तुमच्या वर्गानं एकदम एक टाळी वाजवायची ठरवली आणि ज्यानं त्यानं आपापल्या मर्जीनं वाजवली, तर काय ऐकू येईल? नुसता तडतडाट. भिंगरीला सगळं तसं ऐकू यायचं. काहीतरी वाजलं एवढं कळायचं. कोण बोललं आणि काय बोललं, ते वाटेतच विस्कटून जायचं. शिवाय रोजचा दिवस सारखा नसायचा. एखाद्या शांत सकाळी एखादा शब्द धड पोचायचा. दुपारी आईचं शिलाई मशीन सुरू झालं की तोही गेला.

अशा मुलांची दुसरी तपासणी करावी लागते. मूल झोपलेलं असताना कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून नस काय करतेय ते बघतात. ती कुणी केली नाही. कुणाला गरजच वाटली नाही. आणि याचं कारण होती आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली. बाबांना लहानाचं मोठं तिनंच केलं, त्यामुळे घरात तिचा शब्द शेवटचा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणारा हा माणूस, ताईपुढे मात्र तोंडातून ब्र काढायचा नाही. आई पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. भिंगरी बोलत नाही, हाकेला येत नाही, असं आई म्हणाली की आत्या उठायची, स्वयंपाकघरातून पातेल्याचं झाकण आणायची, भिंगरीच्या पाठीमागे उभी राहायची आणि त्यावर दाणकन चमचा हाणायची. पोरगी वळायची.

"बघितलंस? कान तिखट आहेत पोरीचे," आत्या म्हणायची. "मनात असलं की बरोबर ऐकते. हट्टी आहे, बाकी काही नाही. तू लाडावून ठेवलंयस."

हा खेळ एकदाच झाला असता तर मी समजलो असतो. पण शेजारचे काका आले, वाजव झाकण. मावशी आली, वाजव झाकण. एकदा फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा आत्यानं ते करून दाखवलं. तो बापडा हातात पेचकस घेऊन मान डोलावत राहिला. सगळ्या जगाची खात्री पटली की भिंगरीला ऐकू येतं, आणि मग शिक्षा सुरू झाल्या. हाकेला आली नाही, कोपऱ्यात उभी राहा. 'पाणी' म्हणत नाहीस, मग पाणी नाही. आपलं नाव जिला कधी सलग ऐकू आलं नव्हतं, त्या एवढ्याशा पोरीला! मित्रांनो, हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला डोकं नाही, तरीसुद्धा गेली.

शेवटी आईनं कुणाला न विचारता तिला कानाची तपासणी करणाऱ्या मॅडमकडे नेलं. मॅडमनी ती तारांची तपासणी केली आणि पडद्यावरच्या रेघा आईला दाखवल्या.

"आई," त्या म्हणाल्या, "हिला आवाज कमी येत नाहीये. तुटून तुटून येतोय. भांडं ऐकू येणं वेगळं आणि बोलणं समजणं वेगळं. ही हट्टी नाही हो. तिला खरंच कळत नाहीये."

आईनं तिथेच भिंगरीला पोटाशी धरलं आणि ती हमसून रडली.

आधी साधी श्रवणयंत्रं लावून पाहिली. माझे लांबचे भाऊबंदच ते. त्यांनी जीव तोडून आवाज मोठा केला, पण जे विस्कटलेलं आहे ते मोठं केलं तरी विस्कटलेलंच राहणार. मग मॅडमनी डोक्याचे फोटो काढून घेतले, नस जागेवर आहे याची खात्री केली आणि माझं नाव काढलं. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. म्हणाल्या, "सगळ्या मुलांना याचा सारखा फायदा होत नाही. पण हिची नस बारीक नाही, विजेच्या ठोक्यांनी ती ताल धरू शकेल, आणि वय लहान आहे. तुमची मेहनत करायची तयारी असेल तर करू या." आईची तयारी होती. आत्यानं तेव्हा नाक मुरडलं, पण अडवलं नाही, कारण पहिल्यांदाच बाबांनी खाली मान घालून का होईना, आईच्या बाजूनं होकार दिला होता.

ऑपरेशनची जखम भरल्यावर मला भिंगरीच्या कानामागे बसवलं आणि मॅडमनी मला सुरू केलं. खोलीत सगळं घर गोळा झालं होतं. सगळ्यांना वाटत होतं, आता ती 'आई' म्हणणार. तिनं भोकाड पसरलं, मला ओढून काढलं आणि भिंतीवर फेकलं. मला काही झालं नाही. तिचंही काही चुकलं नव्हतं. डोक्यात अचानक अनोळखी टिकटिक सुरू झाली तर तुम्हीही हेच केलं असतं.

"हेच का ते?" आत्या म्हणाली. "यासाठी पोरीचं डोकं उघडलं?"

"आज तिच्या ऐकण्याचा पहिला दिवस आहे," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या दिवसाच्या बाळाकडून आपण पाढे म्हणून घेतो का? सकाळी डोळे उघडले की लावायचं आणि झोपताना काढायचं. आंघोळ सोडली तर मध्ये काढायचं नाही. मेंदू रोज ऐकेल तेव्हाच शिकेल."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. आई शिवायला बसली की भिंगरी तिच्या पायाशी बटणांचा डबा घेऊन बसायची. आधी न बोलता काम करणारी आई आता अखंड बोलायची. "आता दोरा ओवते हं. गेला बाई दोरा. आता कॉलर लावते. ही कॉलर कुणाची? डॉक्टरकाकांची." बोलताना ती मशीनचं पायडल थांबवायची, म्हणजे गोंगाटात शब्द बुडायला नको. ग्राहक खोळंबायचे, कपडे उशिरा व्हायचे, पण तिनं ते सोडलं नाही. मी एकेक शब्द आत धाडायचो आणि जोडीदार तो नसेला पोचवायचा. एका तालात, स्वच्छ.

आणि एक दिवस आई पाठमोरी उभी राहून कापडावर माप घेत होती. सवयीनं, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "भिंगरी, खडू दे." भिंगरीनं खडू उचलला आणि तिच्या हातात दिला. आई जागच्या जागी थिजली. मग न वळताच, घाबरत घाबरत म्हणाली, "टेप दे." भिंगरीनं टेप दिली. तोंड दिसत नव्हतं, खाणाखुणा नव्हत्या. नुसता शब्द गेला होता आणि पोचला होता. आईनं त्या अर्धवट कापलेल्या कापडात तोंड खुपसलं. शाबासकी मला कुणी दिली नाही, पण मला ती तेव्हा नकोच होती.

पुढे घरातलं शिवणकाम पुरेना, म्हणून आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जायला लागली. सकाळपासून भिंगरी आत्याकडे. आणि आई जिना उतरली की आत्या मला काढायची.

"एवढी नाजूक वस्तू," ती स्वतःशीच म्हणायची. "खेळताना पडली, हरवली, म्हणजे झालं! संध्याकाळी लावू. तिला तसंही ऐकू येतं."

तसंही! मी एकाच कानाला होतो. दुसऱ्या कानाला अजून तोच जुना तडतडाट ऐकू यायचा, त्यामुळे भिंगरी अजूनही आवाजाला वळायची. माझी बॅटरी काढून आत्या मला कापसात गुंडाळायची आणि कपाटात ठेवणीतल्या वस्तूंशेजारी ठेवायची. माझ्या एका बाजूला बाबांचं लग्नातलं घड्याळ, दुसऱ्या बाजूला चहाचा सेट. त्या कपांनी उभ्या आयुष्यात चहा पाहिला नव्हता. पाहुणे आले की ती मला बाहेर काढून दाखवायची, "हात नका लावू हं," म्हणायची आणि परत कुलूपबंद. ही म्हणे माझी काळजी! कपात चहा न घालणं एक वेळ चालतं हो. आत माझा जोडीदार दिवसभर मुका बसलेला, आणि पोरगी आपल्याशी कोण काय बोलतंय ते चेहऱ्यांवरून ओळखत घरभर फिरतेय. माझी जागा कानामागे, पण कानाखाली वाजवायची इच्छा मला त्या दिवसांत कितीदा झाली ते सांगत नाही.

आई यायच्या जरा आधी आत्या मला लावायची. दिवसभराच्या विस्कटलेल्या आवाजानंतर एकदम माझे ठोके सुरू झाले की भिंगरी किरकिर करायची. आई दमलेली असायची. तिला वाटायचं, पोर दमलीय. हळूहळू खडू गेला, टेप गेली. जमवलेले शब्द एकेक करून गळायला लागले. मॅडमनी माझे ठोके पुन्हा तपासले, बदलले, आणि त्यांना काही उमगेना. घरात बोलणं सुरू झालं. आधी दोष मला. मशीनच बोगस. मग दोष भिंगरीला.

"सगळ्यांच्याच डोक्यात शिरतं असं नाही," आत्या बाबांना म्हणाली. "सोडून द्या आता. कशाला पोरीचे हाल?"

मला दोष द्या, माझं काही जात नाही. पण तिला? जिच्या कानावरून तुम्ही भाषाच काढून घेता, तिलाच मंद म्हणता? आणि वय तर पळत होतं. बोलणं शिकायचं जे लहानपणाचं वय असतं ते कुणासाठी थांबत नाही. ते निघून गेलं की मी कितीही चांगले ठोके पाठवले तरी ते तितके उपयोगी पडत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं आणि मी कापसात पडून होतो.

मग एका दुपारी कारखान्याची वीज गेली आणि आई लवकर घरी निघाली. पुढचं मी पाहिलं नाही. मी तिथे नव्हतो, आणि माझा सगळ्यात मोठा राग हाच आहे. भिंगरी फाटकाबाहेर खेळत होती. गल्लीत सामानाची गाडी मागे मागे येत होती. पलीकडच्या कडेला आई दिसली. आईनं गाडी बघितली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "थांब!" भिंगरीनं आवाज ऐकला. ती वळली. आई दिसली म्हणून हसली आणि दोन्ही हात पसरून तिच्याकडे धावत सुटली, थेट गाडीच्या मागून. ड्रायव्हरनं कसा कोण जाणे, ब्रेक दाबला. गुडघा फुटला, हातावर खरचटलं. एवढ्यावर निभावलं.

मला ऐकू यायला लागलं ते आईनं कपाट उघडून, बॅटरी घालून मला भिंगरीच्या कानावर लावलं तेव्हा.

"जपून ठेवलं होतं मी," आत्या म्हणत होती. "पडलं असतं तर?"

"पोरगी गेली असती, ताई!" आईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी थांब म्हणून ओरडले आणि ती हसत माझ्याकडे आली. तिला वाटलं, मी बोलावतेय!"

"पण ऐकू आलं ना तिला? वळली ना?"

"वळली. म्हणूनच तर धावली!"

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंगरीच्या गुडघ्यावर पट्टी लावली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, लिफ्टचा दिवा लागला म्हणून ती चालू आहे असं मी कधी म्हणत नाही. माणूस वरच्या मजल्यावर पोचला पाहिजे." ताईसमोर ते एवढं पहिल्यांदाच बोलले.

आत्या रडली. तिचं भिंगरीवर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं, भरपूर होतं. तिनं शब्द दिला आणि काही आठवडे तो पाळलाही. भिंगरीला आत्याच आता भाजी निवडताना सगळं सांगायची, शाळेतल्या बाईंच्या खणखणीत आवाजात. शब्द परत येऊ लागले. आणि मग एकदा भिंगरी सोफ्याच्या पाठीवर चढून खाली उड्या मारत होती. सवयीनं आत्याचा हात माझ्याकडे आला.

भिंगरीनं दोन्ही हातांनी मला झाकलं.

"माझं," ती म्हणाली.

"अगं, पडेल ते. थोडा वेळ ठेवू या, ये."

"माझं आहे! नको काढू!"

तिचं हे पहिलं अख्खं वाक्य. आत्यानं हात तसाच हवेत धरला. 'हट्टी आहे' म्हणायला तिनं तोंड उघडलं असावं, कारण ते उघडं राहिलं आणि मग मिटलं. भिंगरी त्या दिवशी खरोखरच हट्टी झाली होती. पाय आपटून, लालबुंद होऊन, आत्याच्या नजरेला नजर देऊन उभी होती. आणि मी तिच्या कानामागे बसून तिचा प्रत्येक शब्द तिलाच परत ऐकवत होतो. त्यानंतर मला कुणी कपाटात ठेवलं नाही.

आता माझा रंग उडालाय, कडा झिजल्यात, बॅटरीचं झाकण रबर लावून धरावं लागतं. भिंगरीच्या कानामागे नवा प्रोसेसर आलाय. आतला जोडीदार मात्र तोच आहे. मी मॅडमच्या टेबलावर असतो, नव्या आईबाबांना दाखवायला. ते मला बोटाच्या टोकानं उचलतात आणि म्हणतात, "केवढं नाजूक! जपायला हवं." माझं टाळकं सरकतं. नका जपू मला! लावा, वापरा, पडलो तर पुसून पुन्हा लावा. झिजायलाच आलोय मी.

आत्याला मी माफ केलंय का? नाही. अजून नाही. ते कपाटातले दिवस भिंगरीला कुणी परत दिले नाहीत. ती आता शाळेत जाते, भरभर वाचते, भांडते. पण वर्गात गलका झाला की तिचा एखादा शब्द निसटतो. आणि मित्रांनो, शेवटचं जे सांगायचं ते आत्याला नाही, तुम्हालाच सांगायचंय. तुमच्या शेजारच्या बाकावर अशी कुणी मुलगी असेल आणि तिनं विचारलं, "काय म्हणालास?" तर तुम्ही सांगता. पुन्हा विचारलं तरी सांगता. मग तिनं परत विचारलं की तुम्ही कंटाळून हात झटकता आणि म्हणता, "जाऊ दे."

ते 'जाऊ दे' तिला अगदी स्पष्ट ऐकू येतं. माझ्याच माइकमधून ते कितीदा आत गेलंय. असं म्हणू नका. तिच्याकडे तोंड करा आणि पुन्हा सांगा.